आधणात पडणारी साखर

दुपारी साडेतीनच्या सुमारास कचेरीत चहावाला शिरतो तेव्हा पुष्कळ ठिकाणी हल्ली त्याच्या हातात एकाऐवजी दोन किटल्या दिसतात. मोठी किटली सर्वांची. धाकटी, कडीला खुणेची दोरी बांधलेली, ती ‘शुगरवाल्यां’ची. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा एखादा लिपिक ज्या दिवशी पहिल्यांदा त्या धाकट्या किटलीकडे बोट दाखवतो, त्या दिवशी आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वर होतात. ‘काय साहेब, शुगर निघाली का?’ असा प्रश्न कोणीतरी अर्धवट थट्टेने, अर्धवट काळजीने विचारतो. निघाली असेल तर गृहस्थ ओशाळवाणे हसून मान डोलावतात. निघाली नसेल, नुसतीच साखर कमी करावी असे त्यांच्या मनाने घेतले असेल, तर मात्र त्यांना खुलासा करावा लागतो, आणि चार दिवस हा खुलासा करून कंटाळलेला माणूस पाचव्या दिवशी मुकाट्याने मोठ्या किटलीतला चहा घेऊ लागतो.

साखरेच्या प्रश्नाची अडचण या लहानशा प्रसंगात पुरती सामावलेली आहे. आपल्याकडे बिनसाखरेचा चहा ही आवड नव्हे, ते पथ्य मानले जाते. धडधाकट माणसाने पथ्य का करावे, असा समाजाचा सरळ सवाल असतो. भाषेनेही त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. पदार्थाला साखर आणि रोगाला ‘शुगर’! एकाच वस्तूची ही दोन नावे निराळ्या कप्प्यांत ठेवली की, पहिलीचे पुष्कळ दिवस खाते उघडे ठेवून दुसरीची वाट पाहण्यास माणूस मोकळा होतो.

ही वाट पाहणाऱ्यांची संख्या लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांची सुमारे १३ कोटी ६० लाख आहे. सर्व राज्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून अधिक.

साखर खाल्ली म्हणून मधुमेह झाला, असे सरळ समीकरण मांडता येत नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. आनुवंशिकता, बैठे काम, एकंदर आहार, वाढते वजन अशा अनेक गोष्टी या रोगाच्या मुळाशी असतात. परंतु ‘मी कुठे जाडा आहे?’ या प्रश्नाच्या आड लपण्याची सोय मात्र आता उरलेली नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची बालके यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन जेमतेम २.७ किलोच्या आसपास होते. इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेत ती पुष्कळच हडकुळी. पण स्नायूंच्या मानाने त्यांच्या अंगावरची चरबी मात्र फारशी घटलेली नव्हती. वरून कृश आणि आतून स्थूल अशी ही ठेवण आहे. डॉ. याज्ञिकांनी २००४ साली आपले एक ब्रिटिश सहकारी आणि आपण स्वतः यांचेच उदाहरण ‘लॅन्सेट’मध्ये छायाचित्रासह दिले होते. उंचीच्या मानाने वजन मोजणारा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी ब्रिटिश गृहस्थांच्या बाबतीत ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या बाबतीत २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या मराठी कारकुनाने आरशाच्या साक्षीवर किती विसंबावे, हे त्यावरून ज्याचे त्याने ठरवावे.

साखरेची गोष्ट निघाली की बोट पहिल्यांदा उठते ते सणांवर. पाडव्याचे श्रीखंड, होळीची पुरणपोळी, गणपतीचे मोदक, दिवाळीच्या करंज्या हेच जणू गुन्हेगार. हा आरोप हिशेबाने तपासून पाहण्यासारखा आहे. वर्षात गोडाधोडाचे पंचवीस दिवस धरले आणि प्रत्येक दिवशी एका माणसाच्या पोटात साठ ग्रॅम साखर किंवा गूळ गेला असे मानले, तरी वर्षाकाठी बेरीज होते दीड किलो. आता चहाकडे वळावे. साखरेचा सपाट चमचा सुमारे चार ग्रॅमांचा असतो. एका कपात असे दोन चमचे, आणि दिवसाचे चार कप: सकाळी उठल्यावर एक, कचेरीत दोन, संध्याकाळी घरी परतल्यावर एक. रोजची बत्तीस ग्रॅम साखर झाली. वर्षाची अकरा किलो ६८० ग्रॅम! सणांच्या जवळजवळ आठपट. यात पाहुण्यांकडचा चहा नाही, चहाबरोबरची बिस्किटे नाहीत, आणि शीग लावलेला चमचा तर मुळीच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घालून दिलेली मर्यादा अशी, की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या एक दशांशापेक्षा कमी असावी, आणि शक्य तर तिच्याही निम्मी. दोन हजार उष्मांकांच्या आहाराला हे प्रमाण पन्नास ग्रॅम आणि पंचवीस ग्रॅम असे येते. अखंड फळांतील आणि दुधातील नैसर्गिक शर्करा यात धरलेली नाही. मध आणि फळांचा रस मात्र धरला आहे. म्हणजे नुसत्या चहाच्या चार कपांनी कमी मर्यादा ओलांडली जाते आणि अधिक मर्यादेच्या वाटेवर निम्म्याहून जास्त मजल मारली जाते. गणपतीच्या मोदकावर डोळे वटारण्यात अर्थ नाही, तो यासाठी. आमटीत पडणाऱ्या गुळाच्या खड्यावर तर त्याहूनही नाही. तो खडा घरातल्या पाच जणांत वाटला जातो, आणि त्याच्याविना चिंचेचे काय करायचे हा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

पण चहातली साखर कमी करणे, सांगायला वाटते तितके सोपे का नाही? याचे कारण तोंडाच्या चवीपेक्षा चहा करण्याच्या रीतीत आहे. इंग्रजांच्या घरी चहा एका भांड्यात, दूध दुसऱ्यात, साखर तिसऱ्यात आणि ती कपात घेणाऱ्याच्या हाती चिमटा. आपल्याकडे पातेल्यात पाणी, साखर आणि चहाची पूड एकत्र उकळतात. साखर आधणात पडते, कपात पडत नाही. घरातली चार माणसे, त्यांची वये चार, प्रकृती चार. पण गोडी एकच, आणि ती ठरते सर्वांत अधिक गोड खाणाऱ्याच्या जिभेवरून. उरलेल्या तिघांना त्यात ‘हो’ म्हणण्याचा अधिकार नसतो आणि ‘नाही’ म्हणण्याचाही नसतो. कचेरीच्या किटलीचे तेच, आगगाडीतल्या चहाचे तेच, ‘अमृततुल्य’च्या पितळी भांड्याचेही तेच.

ही रीत सनातन असल्याचा समज सर्वत्र आहे, पण तिचे वय एका शतकाच्या आसपासच असावे. पूर्वी उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी येई. तो गूळ बशीत वेगळा असे आणि पाहुणा हवा तेवढाच तोंडात टाकी. देशी साखर कारखान्यांना संरक्षण देणारा कायदा १९३२ साली झाला आणि पाच-सहा वर्षांत त्यांची संख्या तीसेकांवरून शंभरापलीकडे गेली. त्याच दशकात चहाच्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानी माणसाला चहा प्यायला लावण्याची मोहीम जोरात चालवली. पांढरी साखर आणि चहाची पूड यांची गाठ जी एका पातेल्यात पडली, ती पुढे सुटली नाही.

त्यात भर पडली टंचाईची. ज्यांनी शिधापत्रिकेचे दिवस पाहिले, त्यांना साखर हा शब्द उच्चारताच रांग आठवते. १९६७ पासून साखरेचा एक हिस्सा लेव्ही म्हणून सरकारी भावात आणि उरलेला खुल्या बाजारात, अशी पद्धत सुरू झाली. १९७८ च्या ऑगस्टमध्ये नियंत्रण उठले, १९७९ च्या डिसेंबरात पुन्हा आले. कारखान्यांवरील लेव्हीचे बंधन सरतेशेवटी गेले ते २०१३ साली. दिवाळीसाठी जादा साखर मिळणार की नाही, ही एके काळी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरची बातमी असे. अशा काळात पाहुण्याच्या कपात सढळ हाताने साखर घालणे हा नुसता उपचार नव्हता, तो स्वतःच्या वाट्यातून केलेला खराखुरा त्याग होता. ‘अगदीच अगोड केलाय हो चहा’ हा शेरा गृहिणीच्या जिव्हारी लागे, तो त्यामुळे. रांग गेली, त्याग गेला. पण जिव्हारी लागणे मागे राहिले आहे.

टंचाईचा एक अनपेक्षित लाभ मात्र ब्रिटनमधील एका अभ्यासाने समोर आणला. महायुद्धामुळे तेथे जानेवारी १९४० मध्ये साखरेचे रेशन सुरू झाले, ते सप्टेंबर १९५३ पर्यंत टिकले. रेशनच्या काळात प्रौढ माणसाच्या वाट्याला दिवसाला सुमारे चाळीस ग्रॅम साखर येई; निर्बंध उठताच हा आकडा ऐंशीच्या घरात गेला. रेशन उठण्याच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्या सुमारे साठ हजार माणसांच्या प्रकृतीची नोंद संशोधकांनी तपासली आणि निष्कर्ष २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. आईच्या पोटात असताना आणि पुढच्या पहिल्या दोनेक वर्षांत ज्यांच्या वाट्याला बेताची साखर आली, त्यांना उतारवयात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे पस्तीस टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचे सुमारे वीस टक्क्यांनी कमी आढळले; ज्यांना मधुमेह झालाच, त्यांनाही तो सरासरी चार वर्षे उशिरा गाठू शकला. या लाभाचा तिसरा हिस्सा तर गर्भावस्थेतल्याच संयमाचा होता. डोहाळे पुरवण्याच्या नावाखाली गर्भवतीभोवती बर्फीची खोकी रचणाऱ्या घरांनी हा आकडा ध्यानात घ्यावा. रेशन परत यावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु हाताशी जेवढे असते तेवढे माणूस खातो आणि निर्बंध उठताच दुप्पट खातो, ही गोष्ट इंग्रजालाही चुकली नाही.

सुशिक्षित मध्यमवर्गाने दरम्यानच्या काळात पथ्य पाळले नाही असे नाही. चुकीच्या वस्तूचे पाळले. वरणभातावरचे साजूक तूप गेले, चहातली साखर राहिली. या दिशाभुलीचा एक धागा अमेरिकेत सापडला. तेथील साखर उद्योगाच्या संशोधन संस्थेने १९६५ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना सुमारे साडेसहा हजार डॉलर देऊन एक समीक्षालेख लिहवून घेतला आणि १९६७ मध्ये छापून आलेल्या त्या लेखात हृदयविकाराचा ठपका मुख्यतः चरबीवर ठेवण्यात आला, साखर सहीसलामत सुटली. हा व्यवहार उजेडात यायला २०१६ साल उजाडावे लागले.

आता साखरेची अडचण कळलेल्यांनी दोन पळवाटा शोधल्या आहेत. पहिली गुळाची. ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या शहराशहरांत लागल्या आहेत आणि तो चहा पिणारा मनुष्य आरोग्याचे मोठे कार्य उरकल्याच्या समाधानात असतो. पोषणमूल्यांच्या प्रमाण तक्त्यात शंभर ग्रॅम साखरेचे उष्मांक ३९८ आणि गुळाचे ३८३ दिलेले आहेत. गुळात थोडी खनिजे असतात हे मान्य. पण खनिजांसाठी गूळ खाणे म्हणजे चिंध्यांसाठी पैठणी फाडणे होय. दुसरी पळवाट कृत्रिम गोडीच्या गोळ्यांची. मधुमेह जडलेल्यांची गोष्ट वेगळी, परंतु इतरांनी वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोळ्यांवर विसंबू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला आहे. गोळीने साखर जाते, गोडाची सवय जात नाही.

घराबाहेरच्या साखरेचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. देशात खपणाऱ्या साखरेपैकी निम्म्याहून अधिक आता घरच्या डब्यात नव्हे, तर शीतपेये, बिस्किटे, मिठाई बनवणाऱ्या घाऊक ग्राहकांकडे जाते. कोलाच्या तीनशे मिलिलिटर बाटलीत सात-आठ चमचे साखर असते; ती थंडगार असल्यामुळे जिभेला पुरती जाणवत नाही एवढेच. वेष्टनावर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर यांचे आकडे छापणे २०२० च्या नियमांनी आवश्यक केले आहे. ते आकडे भिंगातून वाचण्याजोगे असतात हे खरे, पण असतात. मुलांच्या दुधात घालायच्या गोड भुकट्या ‘आरोग्यपेय’ या सदराखाली विकू नयेत, असे केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले. त्याच भुकट्यांवर आपली मुले वाढवलेल्या पालकांच्या दोन पिढ्यांनी ही बातमी कोणत्या चेहऱ्याने वाचली असेल?

शाळांत मे २०२५ पासून एक नवी वस्तू आली आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्याशी संलग्न शाळांना ‘साखर फलक’ लावण्याचा आदेश दिला. कोणत्या खाण्यात किती साखर आणि मुलांनी किती खावी, हे त्यावर लिहायचे. त्याच वर्षी सरकारी कचेऱ्यांतही तसे फलक लावण्याची सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून आली. लगेच समोसा आणि जिलबी यांच्यावर सरकारची वक्रदृष्टी वळल्याची हाकाटी झाली आणि मंत्रालयाला खुलासे करावे लागले. फलक लावणे चांगलेच. परंतु ज्या भिंतीवर हा फलक लागतो त्याच भिंतीखाली वाढदिवसाच्या मुलाने साऱ्या वर्गाला चॉकलेट वाटायचे, आणि पन्नास मुलांच्या वर्गात असे पन्नास वाढदिवस साजरे व्हायचे, ही प्रथा कोणत्याही परिपत्रकाने जाणार नाही. ती वर्गशिक्षक मोडू शकतो. चॉकलेटऐवजी पेन्सिल किंवा मूठभर शेंगदाणे, एवढा निर्णय एका शिक्षकाने वर्षारंभी पालकांच्या सभेत सांगितला तर त्याला वरिष्ठांची मंजुरी लागत नाही.

साखर कमी खा असे महाराष्ट्रात सांगणे काहींना घरभेदीपणाचे वाटेल. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या सहकारी कारखान्याने १९५० साली पहिले गाळप केले, आणि तिथून ग्रामीण महाराष्ट्रात शाळा, महाविद्यालये, दवाखाने यांची जी रांग उभी राहिली ती उसाच्या बळावर. ऊस उत्पादकाच्या संसाराचा प्रश्न खोटा नाही. पण तो शहरातल्या कारकुनाच्या स्वादुपिंडावर सोडवायचा का? उसापासून इथेनॉल होते, ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण २०२५ साली वीस टक्क्यांवर पोहोचले आहे. उसाच्या पाण्याचा आणि भावाचा निवाडा व्हायचा तो धोरणाच्या पातळीवर होईल. एका माणसाने चहातला एक चमचा कमी केला म्हणून कारखान्याचे धुराडे थंड पडल्याचे ऐकिवात नाही.

उरतो प्रश्न रीतीचा, आणि त्याचे उत्तर मराठी पानातच वाढून ठेवलेले आहे. पान मांडताना पहिल्यांदा मीठ वाढतात. स्वयंपाकात ते बेताचे असते. ज्याला अधिक हवे त्याने चिमटीने घ्यावे, यात यजमानाचा अपमान नाही की पाहुण्याचा हावरेपणा नाही. मिठाला ताटात जी जागा मिळाली, ती साखरेला चहाच्या तबकात मिळायला हवी. आधणात साखर निम्मी पडावी आणि भांडे चमच्यासह तबकात यावे. मग पाहुण्यापुढे ‘साखर किती घालू?’ हा प्रश्न येईल आणि त्याला ‘नको’ म्हणता येईल. आजार जाहीर न करता म्हणता येईल. कचेरीतल्या चहावाल्याला दोन किटल्यांची गरज उरणार नाही.

जीभ सुरुवातीला कुरकुरते. दोन चमच्यांवरून एकदम शून्यावर येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आठवड्यात पुन्हा दोनवर जातात, आणि मध्यंतरी घरादारावर चिडचिड करतात ती वेगळी. पाव-पाव चमच्याने उतरणाऱ्याला मात्र फारसे काही जाणवत नाही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात, साखर पुष्कळ कमी केलेल्या लोकांना तिसऱ्या महिन्यात तीच खीर आधीपेक्षा अधिक गोड लागू लागली. चव तुटत नाही, तिचा काटा सरकतो. हे उतरणे गुपचूप करण्याची युक्ती मात्र घराघरांतल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भाजीतले तिखट त्या याच पद्धतीने कमी करीत आल्या आहेत आणि कुटुंबप्रमुखाला त्याचा पत्ता लागलेला नाही.

हिशेब ठेवायची जागाही नवी लागणार नाही. महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत साखरेपुढे एक आकडा असतो, आणि तो बहुधा गेल्या महिन्याच्या यादीवरून उतरवलेला असतो. चार माणसांच्या घरात तो पाच किलो असेल, तर दर माणशी रोजचे चाळीस ग्रॅमांहून अधिक साखर उंबऱ्याच्या आतच खपते. बाहेरचे बिस्कीट आणि बाटली त्याच्यावर. पंचवीस ग्रॅमांच्या मर्यादेला चौघांची महिन्याची साखर होते तीन किलो, गुळासकट. पुढच्या पहिल्या तारखेला पाचाचे साडेचार करावेत, त्याच्या पुढच्याला चार. वाण्याने ‘पाहुणे कमी झाले का?’ म्हणून विचारले तर विचारू द्यावे.